मधल्या तारेचा आलेख

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार (खरोखरच वाकलो होतो, तेही पियानोच्या मागे, ते पुढे येईलच, पण कंबर अजून सरळ झालेली नाही). तुमची तब्येत ठीक असेल, गुडघा तुमच्या ऐकण्यात असेल आणि तुम्ही ताईच्या ऐकण्यात असाल, असं धरून चालतो. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही दोनदा 'बरं बरं' म्हणता आणि तो ताईच्या हातात देऊन मोकळे होता, आणि हा मजकूर ताईमार्फत पोचवण्यासारखा नाही. शिवाय यात लाटा, बिंदू आणि रेघा आहेत. तोंडी सांगायला गेलो तर माझंच घोडं पेंड खाईल. म्हणून पत्र. चष्मा लावा आणि खिडकीजवळ बसा.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मध्येच पत्र खाली ठेवणार नाही. मी सूर मोजायला फोन वापरतो. यंत्राकडे बघून तारा लावणाऱ्याला तुम्ही 'घड्याळजी' म्हणता हे मला ठाऊक आहे. मी तारा कानानेच लावतो, पण लावण्याआधी किती उतरल्या होत्या ते फोनला विचारून घेतो. शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे तो शंभर भाग करतो आणि तार किती भाग खाली आहे, किती वर आहे ते काटा हलवून सांगतो. असे आकडे मी गेली काही वर्षं गिऱ्हाइकागणिक साठवत आलोय. का, ते विचारू नका. लोक तिकिटं जमवतात, मी पियानोंचं उतरणं-चढणं जमवलं.

या आकड्यांचं पुढे काय करायचं ते मला तुमच्या भाचेसुनेमुळे कळलं. ती शाळेत गणित शिकवते हे तुम्हाला माहीत आहेच (लग्नात तुम्हीच तिला 'आता याचा हिशेब तुझ्याकडे' असं म्हणाला होता). एका रविवारी ती वर्गासाठी धडा तयार करत बसली होती. वर्षभरात दिवस किती मोठा होतो नि किती लहान होतो त्याचे बिंदू तिने आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, एक बटण दाबलं, आणि त्या विखुरलेल्या बिंदूंमधून एक लाट अशी अलगद निघून गेली की मी हातातला कप खाली ठेवायला विसरलो. माझ्या डोक्यात भुंगा शिरला. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि सूर चढतात, कोरडी झाली की उतरतात, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. म्हणजे पियानोसुद्धा वर्षभर असाच वर-खाली होत असणार, आणि माझ्याकडे तर आकडे तयार होते.

तिने समजावलं ते असं : लाट ओळखायला चार गोष्टी पुरतात. ती कोणत्या रेषेभोवती हलते, त्या रेषेपासून किती उंच जाते, किती काळाने पुन्हा त्याच जागी येते, आणि सुरुवात कुठून करते. या चार गोष्टी सॉफ्टवेअर स्वतः बदलून बदलून बघतं आणि लाट बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून नेतं. ऐकायला सोपं वाटलं. ती बाजारात गेल्यावर मी शाळेच्या हॉलमधल्या पियानोचे आकडे घेऊन एकटाच बसलो आणि पहिल्या फटक्यात कोनाचं माप चुकीचं निवडलं. पडद्यावर एक सपाट रेघ आली. सॉफ्टवेअरच्या मते जगातला कुठलाही पियानो कधीही बेसूर होत नव्हता. माझा आणि तुमचा धंदा म्हणजे नुसती अफवा होती. माप बदललं, तर आता किती काळाने परत यायचं ते त्याने स्वतःच ठरवलं, आणि एक अशी दाट लाट काढली की हॉलमधला पियानो सकाळी उतरून दुपारी चढत होता, संध्याकाळी पुन्हा उतरत होता. बिंदू मात्र सगळेच्या सगळे तिच्यावर अचूक बसले होते. मी हरखून गेलो. ही परत आली, तिने एक नजर टाकली आणि म्हणाली की लाट पुरेशी दाट केली तर ती कुठल्याही बिंदूला शिवते, त्यात कौतुक काय? साधारण वर्षभराचा अंदाज आधी तू दे, मग त्याला शोधू दे. तसं केलं आणि मामा, हॉलच्या पियानोची लाट अशी सुरेख आली की मी ती छापून स्वयंपाकघरात लावली.

यानंतर मला थोडं वेड लागलं हे मान्य करतो. समोरच्यांच्या कुत्र्याच्या भुंकण्याची लाट काढली. जिन्यातला दिवा किती दिवसांनी जातो त्याची काढली. परीक्षेचे पेपर तपासताना भाचेसुनेचा पारा कसा चढतो त्याचीही काढली होती. तो आलेख तिला सापडला, तिने तो स्वतःच्या हाताने पुसला, आणि त्या दिवशीचा बिंदू मी कुठेही मांडलेला नाही. माझ्या वजनाची काढायला गेलो, पण ते कुठलीच लाट घ्यायला तयार नाही. ते नुसतं वर चाललंय.

आता मुद्द्याला येतो. तुमच्या त्या दातांच्या डॉक्टरांच्या घरचा उभा पियानो आठवतो ना? आठवतो कसला, माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्ही तो लावत आलात. डॉक्टरांच्या आईचा पियानो. पाच वर्षांपूर्वी 'आता गुडघा ऐकत नाही' असं जाहीर करून तुम्ही सगळी गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात टाकलीत आणि ताईकडे राहायला गेलात, त्यात हेही घर आलं. पहिली चार वर्षं काही तक्रार नव्हती. पण गेल्या वर्षापासून तिथून सारखं बोलावणं यायला लागलं. दर वेळी तेच : मधल्या सप्तकातली एकच पट्टी, तिच्या तीन तारांपैकी एकच तार, आणि ती ठरलेल्या मापानेच खाली. पट्टी दाबली की सूर असा डगमगायचा की ऐकणाऱ्याला चक्कर यावी. हवेने उतरायच्या तर सगळ्या तारा बरोबर उतरतील. एकीनेच काय घोडं मारलंय? मला वाटलं खुंटी सैल झाली असेल. जाडी खुंटी बसवली, तारही नवी घातली. पाच-एक आठवडे गेले आणि पुन्हा बोलावणं. खुंटी घट्ट, तार नवी, आणि सूर उतरलेला.

मामा, तुम्हाला खरं सांगतो, मला याची काळजी कमी आणि उत्सुकता जास्त होती. डॉक्टरांचं मात्र उलट होतं. ते सभ्य गृहस्थ आहेत, पण पियानो ज्या खोलीत आहे तिला लागूनच त्यांच्या दवाखान्याची बसायची जागा आहे, आणि ती त्यांना वाढवायची आहे. पियानोच्या जागी माशांची काचेची टाकी ठेवायची असं त्यांनी ठरवलंय, कारण मासे बघून पेशंटची भीती कमी होते म्हणे. मी लावलेला सूर टिकत नाही म्हणजे वाद्यच संपलं, असं ते मला तोंडावर म्हणाले, आणि महिनाअखेरीला एकजण ते घेऊन जाणार आहे हेही सांगितलं. मी तारेशी खटपट करत असताना ते मागे मोजपट्टीने टाकीची लांबी मोजत होते. त्यांच्या आई दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. माझ्या हाताखाली, तुमच्या हातचा पियानो घरातून निघाला असता.

तेव्हा मी तपासाला लागलो. पहिला संशय भिंतीपलीकडच्या यंत्रावर, म्हणजे दात कोरायच्या हत्याराला हवा पुरवतं त्यावर. ते सुरू झालं की भिंत थरथरते. म्हटलं, त्या थरथरीनेच खुंटी फिरत असेल. ते किती वेळा सुरू होतं हे मोजायला दवाखान्यात बसणं भाग होतं, आणि कारण नसताना दवाखान्यात कोण बसू देणार? मी दाढ दुखते असं सांगितलं. फोनवर नोंदी करत दोन तास मजेत बसलो. माझा नंबर येईल हे काही माझ्या लक्षात नव्हतं. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, आत दिवा मारला आणि गंभीर झाले. मामा, दाढ खरोखर किडलेली निघाली. हत्यार माझ्याच तोंडात सुरू असल्यामुळे त्या वेळच्या नोंदी राहिल्या. अर्धा चेहरा बधिर घेऊन घरी आलो आणि आलेख काढला, तर यंत्राची लाट दर काही मिनिटांनी वर-खाली होत होती. पाच आठवड्यांशी तिचा दुरूनही संबंध नव्हता. दाढ मात्र आता बरी आहे.

मग मी त्या तारेचेच आकडे मांडले. लावून निघालो तो बिंदू शून्यावर, पुन्हा बोलावलं त्या दिवशीचा बिंदू खाली, लावला, शून्य, पुन्हा खाली. वर्षभराचे बिंदू टाकले, बटण दाबलं, आणि काय सांगू, हॉलच्या पियानोपेक्षाही देखणी लाट आली. एकही बिंदू बाजूला नाही. वर्षाची नव्हे, पाच आठवड्यांची लाट! आजवर कुठल्याही तार लावणाऱ्याने असा प्रकार पाहिला नसेल असं मला वाटायला लागलं. या प्रकाराला स्वतःचं नाव द्यावं की तुमचं, यावर मी एक संध्याकाळ घालवली (तुमचंच ठरवलं होतं). भाचेसुनेला अभिमानाने दाखवलं. ती पेपर तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, की तू तिथे जातोस कधी? म्हटलं, बोलावतात तेव्हा. बोलावतात कधी? बेसूर झाल्यावर. मग म्हणाली, तुझ्याकडे फक्त टोकाचे बिंदू आहेत, मधल्या दिवसांत ती तार काय करते ते तू कधी पाहिलंयस का? तिथे लाट आहे हे तू सांगतोयस, तार नाही.

तिचं म्हणणं तर सरळ होतं. लाट खरी असेल, तर लावल्यानंतर मधल्या आठवड्यांत ती तार थोडी थोडी उतरत गेलेली दिसायला हवी. म्हणून गेल्या बुधवारी न बोलावताच गेलो. आलेखाप्रमाणे त्या दिवशी तार तळाच्या जवळ असायला हवी होती. डॉक्टरांनी दार उघडलं, आई झोपली आहे, फार वाजवू नका असं बजावलं आणि पेशंटकडे निघून गेले. मी पट्टी हळूच दाबली. काटा बरोबर शून्यावर! तार केसभरही हललेली नव्हती. म्हणजे लाट नव्हतीच. तार आठवडेच्या आठवडे जागेवर उभी राहायची आणि मग एकाच दिवशी धाडकन खाली यायची. एका दिवसात तार कशाने पडते? मागून लाकडाला तडा गेलाय का ते बघायला मी पियानो भिंतीपासून पुढे ओढला, विजेरी तोंडात धरली आणि मागच्या फटीत वाकून शिरलो.

तेवढ्यात खोलीत कुणीतरी आलं. वरचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग खुंटी कुरकुरली. पट्टी दाबली गेली, सूर जरासा डगमगला. पुन्हा खुंटी, पुन्हा पट्टी. माझी पाचावर धारण बसली, पण राहवेना. मी हळूहळू उभा राहिलो आणि पियानोच्या वरून माझं डोकं निघालं, तोंडात विजेरीसकट. समोर डॉक्टरांच्या आई. हातात तार लावायची किल्ली, तीही अगदी बरोबर खुंटीवर बसवलेली. त्या किंचाळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब, अजून थोडी उतरायचीय."

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. किल्ली तुम्हीच दिलेली आहे म्हणे, आणि ती धरायची कशी तेही तुम्हीच शिकवलंत (मला किल्लीला हात लावू द्यायला तुम्ही दीड वर्ष घेतलंत, याची इथे नोंद करून ठेवतो). तुम्ही असताना तारा लावून झाल्या की तुम्ही अर्धा तास तिथेच बसायचात आणि त्या तुम्हाला पियानो वाजवून दाखवायच्या. मी आलो की तारा लावतो, झाकण लावतो आणि पिशवी उचलून चालू पडतो. पहिली चार वर्षं त्यांनी वाट पाहिली. मग त्यांनी विचार केला की पोराला जमत नाही असं झालं, तर मामांना स्वतः यावंच लागेल. पाच आठवडे एवढ्यासाठी, की त्याहून लवकर तार उतरली तर मुलाला संशय येईल. "पण तू दर वेळी नीट लावतोस," त्या म्हणाल्या. "फारच नीट लावतोस रे." एवढ्या नाराजीने माझं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

आणि या सगळ्याचा शेवट मुलगा पियानोच घालवून टाकण्यात करील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आता खरं सांगावं तर मुलासमोर लाज, न सांगावं तर पियानो जाणार. कप खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "ते एकाएकी यायचे थांबले. माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, तसं काही नाही हो, गुडघा. तुम्ही सगळ्यांना सांगता तेच सांगितलं. त्या 'गुडघा' एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ चमच्याने चहा ढवळत राहिल्या. त्यात साखर नव्हती.

डॉक्टरांना मी गाठलं ते त्या देखण्या, पण साफ चुकीच्या आलेखासकट. आयुष्यात पहिल्यांदाच चुकीचा आलेख कामी आला. त्यांना म्हटलं, बघा, दोष वाद्यात नाही, याला ठरावीक काळाने येणारी एक लहर आहे, आणि ज्या माणसाने हा पियानो पहिल्यापासून लावलाय तोच ती काढू शकेल. त्यांनी कागद खिडकीसमोर धरून उजेडात पाहिला, दाढेचा फोटो बघतात तसा. मुळापर्यंत गेलंय का, असं विचारलं. म्हटलं, मूळ शाबूत आहे. तेव्हा ते घेऊन जाणाऱ्याला एक महिना थांबवायला तयार झाले. टाकीची मापं मात्र त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.

बाकी इकडे सगळी खुशाली. ताईला नमस्कार सांगा, आणि तुमच्या गुडघ्याला माझ्या कमरेचा.

तुमचा घड्याळजी भाचा

ता. क. : एवढं लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहिली. तुम्ही पुढच्या महिनाअखेरीच्या आत इकडे या. डॉक्टरांना तुमचं नाव सांगून बसलोय, आणि तुमचं तिकीट काढून या पत्रासोबत ठेवलंय. कानांचं म्हणाल (तुम्ही म्हणणार नाही, म्हणून मीच म्हणतो), तर वरचे सूर तुम्हाला ऐकू येईनासे झाले आणि त्यासाठी तुम्ही धंदा सोडलात हे मला नि ताईला कधीपासून माहीत आहे. त्याची फिकीर करू नका. वरच्या तारा मी आदल्या दिवशी लावून ठेवीन. तुम्ही फक्त ती एक तार लावा, आणि नंतर अर्धा तास बसा.

ता. क. २ : हे पत्र भाचेसुनेने वाचलं. तिच्या मते 'लवकर या' एवढं एका ओळीत लिहून भागलं असतं, आणि आलेखात ज्या बिंदूंची गरज नसते ते काढून टाकतात. पण मी ते ठेवलेत.

ता. क. ३ : निघताना मी डॉक्टरांच्या आईंना विचारलं होतं की पियानोत दोनशेवर तारा आहेत, तुम्ही नेमकी हीच का उतरवता? हे लिहावं की नाही ते ठरत नव्हतं, म्हणून शेवटी लिहितोय. त्या म्हणाल्या, "वरचे सूर त्यांना ऐकू येत नाहीत हे मला ते यायचे थांबले त्याच्या आधीपासून माहीत होतं. ही त्यांना ऐकू येते."